३८ तास की १३८? जुनी मोटोक्रॉस बाइक घेण्याआधी

प्रश्न : मी २७ वर्षांचा, साताऱ्याचा. चार वर्षं हीरोची एक्सपल्स २०० चालवतोय. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीला सुपरक्रॉस लीग पाहिली आणि तेव्हापासून खरी मोटोक्रॉस बाइक (मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत रेस लावायची) घ्यायचं डोक्यात बसलंय. पुण्यात एकाकडे कावासाकी केएक्स २५० आहे, २०१९ चं मॉडेल. ४ लाख १० हजार सांगतोय. मीटरवर ३८ तास आहेत, ‘रेसला कधी उतरवली नाही, इंजिनला हातही लावलेला नाही’ म्हणतो. आरसी नाही, पण ‘वरून २० हजार द्या, पासिंग करून देतो’ असंही म्हणाला. इसार २५ हजार मागतोय. एक्सपल्स विकून पैसे उभे करायचेत. तिला दुसरा सायलेन्सर, मोठं हँडल आणि मागे भारी शॉक लावलाय. केएक्स तपासायची कशी? कागद काय घ्यायचे? आणि मामाचं शेत घरापासून ३ किलोमीटरवर आहे, तिथवर रस्त्याने नेली तर चालेल ना?

उत्तर : आधी ते वरचे २० हजार वाचवा. केएक्स २५० चं पासिंग होत नाही, कुठल्याच आरटीओत होत नाही. रस्त्यावर धावायच्या मॉडेलला एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून आधी मान्यता घ्यावी लागते, आणि ही बाइक त्या परीक्षेला बसण्यासाठी बनलेलीच नाही. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, हॉर्न नाही, आरसे नाहीत. मग तो ‘पासिंग’ कशाला म्हणतोय? भंगारात निघालेल्या कुठल्यातरी गाडीचं आरसी आणि नंबरप्लेट हिच्यावर चढवायची, आणि गरज पडली तर चेसिस नंबर घासून दुसरा ठोकायचा. आज ही बाइक सरळ आहे, फक्त रस्त्यावर न्यायची नाही एवढंच. २० हजार मोजून तुम्ही ती गुन्ह्यातली करून घ्याल. पुढे विकायला काढाल तेव्हा जाणकार गिऱ्हाईक घासलेला नंबर बघून चहासुद्धा न घेता निघून जाईल. आणि ही गोष्ट जो इतक्या सहज सुचवतो, त्याचे ‘३८ तास’ही त्याच मापाने मोजा.

मामाच्या शेताचं उत्तरही त्यातच आलं. ३ किलोमीटर काय, ३०० मीटरही नाही. नोंदणी नाही म्हणून थर्ड पार्टी विमा नाही, आणि वाटेत कोणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून. शेतात, मालकाच्या परवानगीने, खुशाल चालवा. तिथवर पिकअपमधून न्या. डोंगरावर चढवायचा मोह होईल, पण साताऱ्याच्या आसपासचा बराच डोंगर वनखात्याचा आहे, तिकडे फिरकू नका.

इसार बाइक बघण्याआधी देऊ नका. फारच घाई करत असेल तर ५ हजार ऑनलाइन पाठवा आणि ‘तपासणीत पसंत पडली नाही तर परत’ हे त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या. यालाही नकार मिळाला तर दुसरी बाइक शोधा.

आता तासांचं बघू. मोटोक्रॉस बाइकचं वय किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, इंजिन किती तास चाललं त्यावर मोजतात. पण तास दाखवणारा तो छोटा मीटर बहुतेक वेळा बाहेरून चिकटवलेला असतो. त्याची वायर प्लगच्या केबलला चार वेढे मारून बांधली की झालं. नवा मीटर बसवायला पाच मिनिटं लागतात आणि तो शून्यापासून सुरू होतो. त्यामुळे ‘३८ तास’ हे त्या मीटरचं वय समजा. बाइकचं वय दुसरीकडे वाचायचं : फूटपेगचे (पाय ठेवायच्या दांड्यांचे) दात टोकदार आहेत की गोल झालेत, बूट घासून फ्रेम आणि क्लच कव्हर किती चकाकतंय, मागच्या ब्रेकच्या पेडलचं टोक किती झिजलंय, स्विंगआर्मवरची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरची) चेनची प्लॅस्टिक पट्टी किती खोल कापली गेलीय. ३८ तासांच्या बाइकवर ही पट्टी आरपार जात नाही. गेली असेल तर मीटर बदललाय.

‘इंजिनला हातही लावलेला नाही’ हे वाक्य एक्सपल्ससाठी कौतुकाचं आहे, इथे मात्र धोक्याचं. हे २५० सीसीचं इंजिन १३ हजार आरपीएमच्या पुढे जातं, आणि त्यात तेल असतं जेमतेम लिटरभर. रेसच्या वापरात असल्या चार-स्ट्रोक २५० चा पिस्टन १५ तासांच्या आसपास बदलायला सांगणारी कंपन्यांची पुस्तकं आहेत. आठवड्याला एकदा हौसेने चालवणारा ४०-५० तासांपर्यंत नेतो, त्यापुढे जुगार. तेव्हा खरेच ३८ तास झाले असतील तर पिस्टनची वेळ आलीच आहे, आणि जास्त झाले असतील तर उलटून गेलीय. याउलट ‘३० तासांना पिस्टन, रिंग, टायमिंग चेन टाकली, हे बिल’ असं सांगणाऱ्याला दहा हजार जास्त द्यायलाही हरकत नाही.

बघायला जाण्याआधी फोनवर एकच सांगा : ‘मी येईपर्यंत चालू करू नका.’ पोहोचल्यावर नमस्कार-चमत्काराआधी हात रेडिएटरवर आणि इंजिनवर ठेवा. गरम लागलं तर शांतपणे म्हणा, थांबतो, गार होऊ दे. या बाइकचा सगळा आजार थंड इंजिनाच्या पहिल्या किकमध्ये कळतो. अनेक विकणारे नेमकी हीच वेळ तुम्हाला बघू देत नाहीत.

२०१९ च्या केएक्स २५० ला फक्त किक आहे (इलेक्ट्रिक स्टार्ट २०२१ च्या मॉडेलपासून आलं). थंड सुरुवातीची नॉब ओढा, थ्रॉटलला हात लावू नका, किक हळू दाबत जिथे अडते तिथपर्यंत न्या, सोडून वर येऊ द्या, आणि मग वरपासून खालपर्यंत एक पूर्ण किक मारा. तीन ते पाच किकमध्ये चालू झाली तर ठीक. दहा-बारा किक लागल्या आणि मालक ‘हिची सवयच तशी आहे’ म्हणाला, तर ती सवय नाही, ते व्हॉल्व्ह आहेत. दहा मिनिटं चालवून गरम करा, मुद्दाम बंद पाडा आणि पुन्हा किक मारा. गरम असताना एक-दोन किकमध्ये चालू व्हायला हवी. ढकलून, गिअरमध्ये टाकूनच चालू होत असेल तर तपासणी तिथेच संपवा.

व्हॉल्व्हबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात मोठा खड्डा तिथे आहे. इनटेकचे, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह टायटॅनियमचे असतात. टायटॅनियम हलकं असतं, पण मऊही. म्हणून त्यावर वरून कडक थर दिलेला असतो. तो थर शाबूत असेपर्यंत व्हॉल्व्हची गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यातली फट) महिनोन्महिने हलत नाही. धूळ आत जाऊन थर एकदा फाटला की व्हॉल्व्हची कड सीटमध्ये (ती टेकते त्या कड्यात) झिजून रुतत जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होते. गॅप संपली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, किकच्या संथ वेगात कॉम्प्रेशन निसटतं, आणि बाइक चालू होत नाही. एकदा चालू झाली की मात्र जोरात पळते. म्हणूनच ‘किकवर जाऊ नका, ट्रॅकवर बघा कशी उडते’ असं खुशाल सांगता येतं. मेकॅनिक यावर पातळ शिम (गॅप जुळवायची चकती) टाकतो, गॅप पुन्हा जुळते, बाइक दोन किकमध्ये चालू होते आणि पाच-सहा तासांत पुन्हा तीच रड. थोड्या काळात दोनदा शिम बदलावा लागला असेल तर ते व्हॉल्व्ह गेलेले समजा. तसेच दामटले तर व्हॉल्व्हची मुंडी तुटून पिस्टनवर पडते, आणि मग हेड, पिस्टन, सिलिंडर सगळंच नवं.

म्हणून मालकाला दोन प्रश्न विचारा : गॅप शेवटची कधी मोजली, आणि कितीचा शिम काढून कितीचा टाकला? आकडे सांगता आले तर माणूस बाइक सांभाळणारा आहे. नाही आले तर तुमच्या खर्चाने, तुमच्या ओळखीच्या रेसिंग मेकॅनिककडून गॅप मोजून घ्या. सीट आणि टाकी काढायची, वरचं कव्हर उघडायचं, फिलर गेजने चारही व्हॉल्व्ह मोजायचे. थंड इंजिनावर तासा-दीड तासाचं काम आहे.

त्याच वेळी लीक-डाउन टेस्ट करून घ्या. साधा कॉम्प्रेशन गेज इथे फसवतो : किक हलकी लागावी म्हणून कॅमवर आपोआप प्रेशर सोडणारी यंत्रणा असते, त्यामुळे धडधाकट इंजिनाचाही आकडा कमी येतो. लीक-डाउनमध्ये पिस्टन वर आणून, चारही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून हवा भरतात. मग कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक, इंजिनच्या ब्रीदर पाइपमधून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गास्केट.

आणि आता ती तपासणी, जिला ना पाना लागतो ना मेकॅनिक. फोमचा एअर फिल्टर बाहेर काढा. तो तेलाने चिकट असायला हवा. कोरडा, ठिसूळ किंवा कडेने फाटलेला नको. मग रुमालाचं स्वच्छ पांढरं टोक बोटाला गुंडाळा आणि फिल्टरच्या मागच्या रबरी नळीत, इंजिनकडे जाणाऱ्या बाजूला, आतून फिरवा. रुमाल स्वच्छ निघाला किंवा नुसता तेलकट झाला तर उत्तम. मुरमाची तांबूस पूड लागली, बोटाला खरखर जाणवली, तर ती पूड फिल्टरला चुकवून आत गेलेली आहे. आपल्याकडच्या ट्रॅकची धूळ पॉलिश पेपरसारखी काम करते : टायटॅनियमचा थर, रिंगा, सिलिंडरची भिंत, सगळं एकदम. रुमालावर लाल आलं की बाकी बाइक कितीही चकचकीत असो, इंजिन उघडायचं आहे असं धरूनच भाव करा.

तेल थोडं बाटलीत काढून उन्हात धरा. दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. या बाइकचं इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालतात, त्यामुळे क्लचची थोडी राख तेलात असणारच. चमकणारा धातूचा कीस मात्र नको. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथे कूलंटचे ओघळ दिसले तर पंपाचं सील गेलंय. काम छोटं आहे, पण भाव करताना सांगा.

डावीकडे पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढायला लावा. चेन तुटून गोळा झाली की ती तिथेच इंजिनची केस फोडते, आणि मग कोणीतरी एम-सील किंवा वेल्डिंग करून कव्हर लावून टाकतो. वेल्डिंग दिसलं की निघा.

बाइक स्टँडवर चढवा, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचला. कट्ट असा झोल आला तर मागच्या लिंकेजचे (शॉकला जोडणाऱ्या सांध्यांचे) नीडल बेअरिंग गेले. आपल्याकडे हे फार होतं : प्रत्येक राइडनंतर सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरने धुतात, ग्रीस निघून जातं, आणि जून ते सप्टेंबर बाइक तशीच पडून गंजते. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खाच लागली तर कोनसेट बदलायचा. फोर्कच्या नळ्यांवर नख फिरवा, ओरखडा नखाला लागला तर नवं ऑइल सील महिनाभरही टिकणार नाही. मागे दहा पावलं जाऊन मडगार्ड आणि चाक एका रेषेत आहेत का बघा. फ्रेमवरचे प्लॅस्टिक गार्ड काढून फूटपेगच्या वर आणि स्टीअरिंगच्या मानेजवळच्या जोडांत भेगा शोधा. स्टिकर नेमकं तिथेच नवं असेल तर ते उचलून बघा. प्लॅस्टिकचा नवा सेट आणि नवे ग्राफिक्स यांना शून्य किंमत द्या, दोन तासांत बदलतात.

आता कागद. आरसी नसल्यामुळे ‘ही बाइक या माणसाची आहे’ हे सांगणारं सरकारी पुस्तक कुठेच नाही. म्हणून साखळी बघायची. डीलरकडून घेतलेली असेल तर चेसिस नंबर छापलेलं मूळ टॅक्स इनव्हॉइस. कोणी स्वतः आयात केली असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री. मग पहिल्या मालकापासून तुमच्या विकणाऱ्यापर्यंत प्रत्येक हाताबदलीचा कागद. मधली एक कडी गायब असेल तर त्या मालकाशी फोनवर बोला. फोनही होत नसेल तर चोरीच्या बाइकचा धोका तुम्ही विकत घेताय. चेसिस नंबर स्टीअरिंगच्या मानेवर आणि इंजिन नंबर केसवर असतो. दोन्हींवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या आणि इनव्हॉइसशी अक्षर न् अक्षर जुळवा.

खरेदीखत ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर. त्यात दोन्ही नंबर, रक्कम, तारीख-वेळ, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती, ‘नोंदणी नसलेली, फक्त बंदिस्त ट्रॅकवरच्या वापराची’ आणि ‘चोरीची किंवा कर्जाखालची नाही, निघाल्यास पूर्ण रक्कम परत’ ही वाक्यं हवीतच. पैसे बँकेतून. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, आणि ‘अर्धे रोख द्या’ म्हणणाऱ्याला हे माहीत असतं.

भावाबद्दल : घासाघीस करायला बसण्याआधी पिस्टन किट, गास्केट सेट, टायमिंग चेन, लिंकेज बेअरिंग, चेन-स्प्रॉकेट आणि टायर यांचं कोटेशन हातात घ्या. न उघडलेल्या इंजिनासाठी, गॅप बरोबर निघाली तरी, ४० ते ५० हजार कमी करून मागणं रास्त आहे. गॅप गेलेली असेल तर हेडचं काम आलं, आणि पार्ट बाहेरून येईपर्यंत बाइक आठवडेच्या आठवडे उघडी पडून राहते. पहिली बाइक म्हणून ती मुळीच घेऊ नका. हेल्मेट, बूट, नी-गार्ड, चेस्ट गार्डसाठी पैसे बाजूला काढल्याशिवाय आकडा सांगू नका.

एक रोखठोक सांगतो. दर पाच-सहा तासांनी तेल आणि दर राइडला फिल्टर धुणं जमणार नसेल, किंवा रस्त्याने शेतावर जाणं हीच खरी गरज असेल, तर रस्त्याची नोंदणी होणारी केएलएक्स २३० बघा. उडी तेवढी मारणार नाही, पण महिनाभर विसरलात तरी रुसणार नाही. आणि केएक्स घेऊन रेसला उतरायचं असेल तर गटांची नियमावली आधी वाचा. देशी बाइकच्या गटात ती चालत नाही.

एक्सपल्सचं काम सोपं आहे. कंपनीचा सायलेन्सर, हँडल आणि शॉक परत बसवा. लावलेले भाग वेगळे विका. रस्त्यासाठी घेणाऱ्याला बदललेला सायलेन्सर म्हणजे पोलिसांची पावती दिसते, तर तोच सायलेन्सर ट्रॅकवाल्याला हवा असतो. मूळ भाग माळ्यावर असतील अशी आशा आहे. शेतात उड्या मारल्या असतील तर ते लपवू नका, उघडून बघणाऱ्याला इंजिनखालचा वाकलेला बॅश प्लेट दिसणारच. फॉर्म २९ आणि ३०, आरसी, चालू विमा, पीयूसी, आणि कर्ज होतं तर फॉर्म ३५ सह बँकेची एनओसी तयार ठेवा. थकलेली ई-चलनं आधी भरा. चावी द्याल त्याच दिवशी ट्रान्सफरचा अर्ज ऑनलाइन टाका. विक्रेत्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, आणि नाव बदलेपर्यंत त्या गाडीचा अपघात तुमच्या दारी येतो. ट्रायलला देताना लायसन्सचा फोटो काढा आणि गिऱ्हाइकाची स्वतःची गाडी समोर उभी असू द्या.

केएक्स साताऱ्याला आणताना छोट्या हत्तीत पुढचं चाक केबिनच्या फळीला टेकवा, पुढच्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मध्ये लाकडी ठोकळा घाला, आणि मगच हँडलला दोन्हीकडून बेल्ट आवळा. ठोकळा नसेल तर खंबाटकीपर्यंत फोर्क दबून दबून बेल्ट सैल पडतो आणि बाइक आडवी होते. घरी आल्यावर चालवायच्या आधी तेल, तेलाचा फिल्टर, एअर फिल्टर आणि लिंकेजचं ग्रीस करा. जुनं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि पावसाळाभर पडून असेल तर खराब झालेलं असतं. हिचं कॉम्प्रेशन १३ च्या वर आहे, तेव्हा नवं भरताना ९५ किंवा त्याहून वरच्या ऑक्टेनचं घ्या. आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा : तारीख, तास, तेल, चारही व्हॉल्व्हची गॅप, शिमचा आकडा. दोन वर्षांनी तुमच्याकडे कोणीतरी बोटाला रुमाल गुंडाळून येईल, तेव्हा त्याच्या हातात ती द्या.